वडगावच्या मागांची कादंबरी आणि सावकाश वाचलेलं एक कन्नड पुस्तक

हे प्रकरण एका हस्तलिखिताचं आहे. लिहिणारी बेळगावच्या वडगाव भागातली, चाळिशीच्या आतली, एका सोसायटीत कॅशियर. नाव नको असं तिचं म्हणणं, म्हणून इथे तिला लेखिका एवढंच म्हणतो. तिच्या सासरी पूर्वी यंत्रमाग होते. शहापूर, वडगाव, खासबाग या पट्ट्यात साडीचे माग घरोघरी असायचे. दिवसा त्या गल्ल्यांतून बोलत जायचं तर आवाज चढवावा लागायचा. तिच्या सासऱ्यांनी माग विकले, शेडच्या जागी भाड्याच्या खोल्या झाल्या. यावर तिने कादंबरी लिहिली आणि पुण्याच्या एका प्रकाशनाकडे पाठवली. 'वातावरण अस्सल आहे, पण कादंबरी जागची हलत नाही' अशा अर्थाचं उत्तर देऊन त्यांनी ती परत केली. मग ते बाड माझ्याकडे आलं. मी पेशाने संपादक नव्हे. आमच्या भागातली लिहिणारी मंडळी हस्तलिखितं वाचायला देतात आणि मी पेन्सिल घेऊन बसतो, एवढंच.

उत्तर कठोर होतं, पण खोटं नव्हतं. गोष्ट चांगली होती. सहा माग, म्हातारे होत आलेले वडील, माग चालवणारा थोरला, प्लॉटच्या धंद्यात शिरलेला धाकटा, आणि वीस-बावीस वर्षं याच शेडमध्ये काम केलेला एक कन्नड भाषक विणकर. मंगाईच्या जत्रेपासून सुरुवात आणि भंगारवाल्याच्या टेम्पोवर शेवट. यात कमी काय होतं? प्रसंग घडायचा आणि लगेच निवेदक त्याचा अर्थ सांगायचा. कुणी गप्प बसलं तर ते का गप्प बसलं ते पुढच्याच वाक्यात. प्रकरणाच्या शेवटी तर हमखास एक टाळी घेणारं वाक्य.

ही सवय आली कुठून, हे तिच्या वाचनाच्या वहीत सापडलं. ती भरपूर वाचते. १८४८ सालापासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय ज्या गावात आहे तिथे पुस्तकांना तोटा नाही, आणि ती कॉलेजात असल्यापासून सभासद आहे. वाचताना आवडलेली वाक्यं वहीत उतरवून घ्यायची, ही तिची जुनी शिस्त. अशा पाच-सहा वह्या तिने मला दाखवल्या. सुंदर अक्षर, खाली पुस्तकाचं नाव. पण त्यात नुसती वाक्यं होती. ते वाक्य कुणाच्या तोंडी आलं, त्याआधी किती पानं काहीच न सांगता गेली, ते जिथे होतं तिथेच का शोभलं, यातलं काही नाही. म्हणजे वर्षानुवर्षं तिने कादंबऱ्यांतून वेचली ती कळसाची वाक्यं. मग स्वतः लिहायला बसल्यावर तिने पानापानावर कळसच ठेवला. मराठीत वाचनाच्या नावाखाली हे बरंच चालतं असं माझं मत आहे. शाळेतल्या 'सौंदर्यस्थळे लिहा' या प्रश्नाने आपल्या दोन-तीन पिढ्यांना वाक्यं वेचायला शिकवलं आणि रचना बघायचं राहून गेलं.

आम्ही ठरवलं, हस्तलिखिताला हात लावायचा नाही. आधी थोड्याच कादंबऱ्या वाचायच्या, पण उसवून वाचायच्या. आणि त्या आत्ताच्या असाव्यात. इथे लिहायला बसलेल्या प्रत्येकाच्या मानगुटीवर कथाकार जी. ए. कुलकर्णी बसलेले असतात. जन्म एकसंब्याचा, शिक्षण बेळगावचं, म्हणजे घरचंच दैवत. त्यांच्यासारखं लिहायला जाऊन बुडालेली हस्तलिखितं मी पाहिली आहेत. शिवाय जमिनीचे प्लॉट होणं, शिकलेल्या पोराने घरात नुसतं बसणं, एकाच्या पैशावर सगळं घर चालणं हे तिच्या कादंबरीतले प्रश्न. ते कागदावर कसे आणायचे याच्याशी आजचे कादंबरीकार झगडताहेत. त्यांची झटापट बघायला मिळाली तर उपयोग.

सावकाश वाचण्याची सक्ती

पहिलं पुस्तक अपघाताने ठरलं. विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' ही २०१३ साली आलेली कन्नड कादंबरी. श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादामुळे ती देशाबाहेरही गाजली. लेखिकेच्या सोसायटीतल्या एका सहकाऱ्याने तिला मूळ कन्नड प्रत दिली. तिचं कन्नड म्हणजे इकडच्या मराठी शाळेतून शिकलेल्या कुणाचंही असतं तसं. बोलायला अडत नाही, उतारा वाचता येतो, सरकारी कागद समजतो, पण कादंबरी कधी वाचलेली नाही. ती म्हणाली, "सर, दिवसाला दोन-तीन पानांच्या वर जमंना." मी म्हणालो, मग तेवढीच वाच.

या सगळ्या प्रकरणाची कळ इथे आहे असं मला वाटतं. मराठी पुस्तक ती धावत वाचायची. डोळा सवयीने पुढच्या चमकदार वाक्याकडे पळायचा. कन्नडमध्ये तिला पळताच येईना. प्रत्येक वाक्यापाशी थांबून कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, हे 'ती' म्हणजे कोण, असं विचारत जावं लागलं. भाषेची चव घेण्याइतकं कन्नड तिला येत नव्हतं हेही पथ्यावर पडलं. वाक्याने भुरळ घातली नाही, त्यामुळे त्यामागचा सांगाडा दिसला. आम्हा सीमाभागातल्या लोकांना दोन भाषांचं ओझं पुष्कळ वाहावं लागतं, त्याचा असा फायदा झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पुस्तक छोटं आहे. बंगळूरचं एक कुटुंब. वडिलांची चहा कंपनीतली विक्रेत्याची नोकरी जाते, मग काकाच्या मसाल्याच्या धंद्यावर घर एकदम वर येतं. निवेदक घरातला मुलगा. तो नावाला कंपनीत आहे, काम काहीच नाही, जाऊन बसतो कॉफी हाउसमध्ये. अनिताशी त्याचं लग्न होतं आणि घरातल्या पैशाबद्दल, माणसांबद्दल ती प्रश्न विचारू लागते. काका कमावतो म्हणून काकाला कुणी दुखवायचं नाही, हा त्या घराचा न बोललेला कायदा.

लेखिकेने वहीत दोनच रकाने पाडले. डावीकडे प्रसंग. उजवीकडे त्या प्रसंगात 'मी' म्हणणाऱ्याने नेमकं काय केलं, ते एका क्रियापदात. काकाला भेटायला एक बाई घरच्यासाठी पदार्थ घेऊन दारात येते आणि घरातल्या बायका तिला नाही नाही ते बोलून हाकलून देतात, असा एक प्रसंग आहे. डावीकडे तो प्रसंग. उजवीकडे तिने लिहिलं : 'बघितलं.' पुढच्या पानांवर : 'ऐकलं.' 'उठून गेला.' 'गप्प.' पुस्तक संपेपर्यंत उजवा रकाना असल्याच शब्दांनी भरला. हा माणूस वाईट वागत नाही, तो काहीच करत नाही, आणि त्या काही न करण्यातच घराचा सगळा क्रूरपणा मुरत जातो. हे पुस्तक कुठेही सांगत नाही. रकाना सांगतो.

दुसऱ्या वाचनात तिला मुंग्या दिसल्या. जुन्या घरात या कुटुंबाची मुंग्यांशी लढाई चालते. पहिल्या वाचनात तिने त्या पानांपाशी 'मजेशीर' असं लिहिलं होतं. बाईला हाकलण्याचा प्रसंग शेजारी ठेवून पाहिल्यावर तिने ते खोडलं. घरात बाहेरचं कुणी शिरलं की हे कुटुंब एक होतं, मग ती मुंगी असो, बाई असो, की सून. अनिताचं पुढे काय झालं हे लेखक शेवटपर्यंत स्वच्छ सांगत नाही. वाचक मात्र पुस्तक मिटताना घाबरलेला असतो, कारण या घराची रीत त्याला एव्हाना पाठ झालेली असते.

मी तिला आणखी एक काम दिलं होतं, ते कन्नडमुळे आपोआप सोपं झालं. परिच्छेद संपला की पुढचा हाताने झाकायचा. आपण असतो तर इथे काय लिहिलं असतं ते दोन ओळींत मराठीत लिहायचं. मग हात काढून बघायचं. तिने झाकून लिहिलेल्या बहुतेक ओळींत कुणाला तरी काहीतरी *वाटत* होतं. हात काढल्यावर तिथे कुणीतरी काहीतरी *करत* असायचं, नाहीतर विषयच बदललेला असायचा. हा खेळ तिने मन लावून खेळला. लेखनाच्या पुस्तकांत देतात ते आलेख, तीन अंकांची रचना, वाक्यांची लांबी मोजणं वगैरे आम्ही थोडं करून पाहिलं. त्यातून काही हाती आलं नाही.

दोन मराठी पुस्तकं, वेगवेगळ्या कामासाठी

तिची दुसरी अडचण माहितीची होती. बीम कसं चढवतात, कांड्या कोण भरतं, धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, अडकला की काय होतं, माग दुरुस्त करणारा जॉबर कशाचे पैसे घेतो, सुताचा भाव चढला की साडीमागे काय उरतं, हे तिला सगळं ठाऊक आणि सगळं सांगायची हौस. पहिल्या खर्ड्यात मागावर सलग चार पानं होती. यासाठी सदानंद देशमुखांची 'बारोमास' घेतली. २००२ची कादंबरी, २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार. एकनाथ शिकून, बी. एड. होऊन नोकरीविना शेतात अडकलेला, बायको अलका शहरात वाढलेली. शेतीच्या खर्चाचं, पिकाच्या भावाचं, नोकरीसाठी मागितल्या जाणाऱ्या पैशाचं त्यात पुष्कळ येतं. लेखिकेने प्रत्येक ठिकाणी समासात एकच प्रश्न लिहिला : हा आकडा या क्षणी कुणाला टोचतो? जो आकडा कुणालाच टोचत नाही तो आपल्या हस्तलिखितात ठेवायचा नाही, असं तिने स्वतःच ठरवलं. चार पानांची सव्वा झाली. सुताचा भाव आता धाकटा मुलगा बापाला ऐकवतो, शेड विकायचा मुद्दा पुढे रेटण्यासाठी.

याच संदर्भात निपाणीच्या महादेव मोऱ्यांचं नाव निघालं. पिठाची गिरणी चालवत ते लिहीत राहिले, तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, गॅरेजवाले त्यांच्या लेखनात आले. लेखिका म्हणाली, "त्यांना गिरणी आतनं माहीत होती, मला माग माहीत हाय." खरंच आहे. पण आतून माहीत असणं ही शिदोरी झाली, आणि शिदोरी सगळी एकाच ठिकाणी सोडून बसायचं नसतं.

तिसरी कृष्णात खोत यांची 'रिंगाण', जिला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेलं गाव आणि मागे राहिलेली म्हैस. विस्थापनावर भाषण न करता एका जनावराभोवती सगळं कसं फिरवत नेलं आहे ते बघण्यासाठी ती घेतली. शिवाय पन्हाळ्याकडची ती बोली आमच्या कानाला परकी नाही. इथे मात्र ती पुन्हा धावू लागली, भाषा ओळखीची ना! मग मी तिला काही पानं हाताने उतरवून काढायला लावली. हात डोळ्याइतका पळत नाही. तिने कुरकुर करत का होईना, केलं.

मधे एक टप्पा असा आला की तिचा नायक रोज खडेबाजारच्या एका हॉटेलात जाऊन वेटरकडे बघत बसू लागला. कुठून आला ते सांगायला नको. बारकाईने वाचणाऱ्याला हा ताप येतोच. मी ती पानं खोडली नाहीत, नुसतं विचारलं की वडगावातला माणूस कामधंदा सोडून रोज हॉटेलात बसला तर गल्ली काय म्हणेल? पुढच्या खेपेला हॉटेल गेलेलं होतं.

काय बदललं

सगळ्यात मोठा बदल निवेदकाचा. पहिल्या खर्ड्यात सर्वज्ञ निवेदक होता आणि तो सगळ्यांच्या मनात सारख्याच मायेने शिरायचा. आता गोष्ट धाकटा मुलगा सांगतो, ज्याने शेडचा सौदा जमवला तो. कादंबरीत सर्वांत जास्त लपवण्यासारखं ज्याच्यापाशी आहे त्याच्याच तोंडी कादंबरी दिली. हे तिला 'घाचर घोचर'मधल्या उजव्या रकान्याने सुचवलं.

माग भंगारात जातात तो प्रसंग आधी असा होता :

'वसंतरावांच्या काळजात चर्र झालं. ज्या मागांवर त्यांनी उभं आयुष्य विणलं, ते आज लोखंडाच्या भावाने चालले होते. डोळ्यांत पाणी तरळलं, पण त्यांनी ते कुणाला दिसू दिलं नाही. माग गेले होते, पण त्यांचा खडखडाट त्यांच्या छातीत कायमचा राहणार होता.'

आता असा आहे :

'भंगारवाला किलोवर घेतो म्हणाला. बाबा म्हणाले, धोटे त्यात धरू नकोस, ते लाकडाचे आहेत. त्याने बरं म्हटलं. पहिला माग काट्यावर चढला तेव्हा बाबा पोत्यावर बसून धोटे वेगळे काढत होते. "बाबा, आत जावा की वो," मी म्हटलं. "जातो. तुला काय घाई हाय?" त्यांनी एक धोटा कानापाशी नेऊन हलवला आणि बाजूला ठेवला. मी चहा सांगायला गेलो. परत आलो तेव्हा टेम्पोचं फाळकं लागलेलं होतं.'

'मी चहा सांगायला गेलो' या ओळीवर आमची बरीच चर्चा झाली. तिला तिथे आणखी एक वाक्य हवं होतं, त्याला बघवलं नाही असं सांगणारं. मी म्हटलं, झाकून बघ. तिने ते वाक्य हाताने झाकलं, वाचलं, आणि काढून टाकलं. आता चहाला जाणं म्हणजे पळणंही आहे, लाजणंही आहे, आणि नुसता चहाही आहे. धोटा कानापाशी नेऊन हलवण्याचा तपशील मात्र तिचा स्वतःचा, सासऱ्यांना पाहून आलेला. तो पहिल्या खर्ड्यात नव्हताच. काळजात चर्र झाल्यावर त्याला जागा कुठली उरणार?

दुसरं प्रकरण अधिक नाजूक होतं. एक नोव्हेंबर. त्या दिवशी कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि इथला मराठी माणूस काळा दिन पाळतो. पहिल्या खर्ड्यात वसंतराव सायकल फेरीहून येतात आणि १९५६ची राज्य पुनर्रचना, सीमावादावरचा महाजन आयोग, २००४पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, हे सगळं पोरांना तीन पानं ऐकवतात. भावना खरी आहे, माझीही तीच आहे. पण वाचताना मला सभेत बसल्यासारखं झालं. कादंबरीत शेडमध्ये एक कन्नड विणकर रोज काम करतो आणि या तीन पानांत तो कुठेच नाही, हे तिच्या लक्षात आलं ते 'बारोमास'च्या वेळी समासात लिहिलेल्या प्रश्नामुळे. हे भाषण या क्षणी कुणाला टोचतं? जो घरात नाही, त्याला. मग तो असू दे की घरात.

आताच्या खर्ड्यात वसंतराव फेरीहून येतात, दंडाची काळी फीत सोडून खिशात घालतात आणि शेडमध्ये जातात. विणकर त्या दिवशीही कामावर आलेला आहे, कारण साड्या व्यापाऱ्याला वेळेत द्यायच्या आहेत. दोघं तुटलेल्या ताण्याबद्दल बोलतात, अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत. विणकर एवढंच विचारतो, ऊन फार होतं काय. निवेदक दारात उभा राहून ऐकतो. तीन पानांचं पाऊण पान झालं. आमच्यातल्या एक-दोघांना हे बोटचेपेपणाचं वाटलं, सीमाप्रश्नावर लेखिकेने ठाम बोलायला हवं होतं असं त्यांचं म्हणणं. मला पटत नाही. फीत दंडावर होती हे पानावर आहे, ती काढली हेही आहे, आणि का काढली याचं उत्तर वाचकाने वसंतरावांकडे मागावं.

बोलीचा तिढा सुटला तो थोडासाच. संवाद आता बेळगावी आहेत. निवेदन धाकट्याच्या तोंडी आल्यावर तेही बोलीत असावं का? 'रिंगाण'नंतर तिने एक प्रकरण तसं लिहून पाहिलं. कानाला गोड लागलं, पण त्या गोडव्यामुळे धाकटा फार भोळा वाटू लागला. तो भोळा नाही. प्लॉटवाला आहे, गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. म्हणून निवेदन पुन्हा प्रमाण मराठीत आलं, आणि आईशी बोलताना तेवढा त्याचा सूर घसरतो.

आई हीच आता अडचण आहे. पहिल्या खर्ड्यात ती सोसणारी, सगळं कळणारी, तुळशीपाशी उभी राहणारी होती. निवेदक बदलल्यावर ती तुळस गेली, पण जागी काही आलं नाही. धाकटा आईबद्दल बोलायला लागला की लेखिका त्याच्या तोंडून स्वतःच बोलते, आणि तिच्या उजव्या रकान्यात 'वाटलं' हे क्रियापद पुन्हा येऊ लागतं. सौद्याच्या कागदावर आईचीही सही लागणार, कारण शेडचा अर्धा उतारा तिच्या नावावर आहे. ती सही कशी झाली हे धाकटा अजून सांगत नाही. सांगत नाही ते ठीक, पण लेखिकेलाही ते माहीत नसावं अशी मला शंका आहे, आणि मी तसं तिला लिहून कळवलं आहे. त्या प्रकरणाआधी तिने 'घाचर घोचर' पुन्हा काढलं आहे. या वेळी उजव्या रकान्यात निवेदकाऐवजी त्याच्या आईची क्रियापदं मांडणं चालू आहे.